काताचा चुरा

ओंकार पुण्याला कॉलेजला गेला आणि त्याचा समुद्र माझ्या गळ्यात पडला.

समुद्र म्हणजे दोन फुटी काचेची टाकी. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत कपाट आणि दार यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढीच तिची लांबी. पाणी, दगड, वाळू आणि स्टँड धरून वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणून चाळीच्या लाकडी पाटणावर मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेला, तुळईच्या डोक्यावर ठेवलेली. आत दोन क्लाऊनफिश, एक फायरफिश, एक पांढऱ्या मिशांची कोळंबी, तीन शंखखेकडे आणि मऊ पोवळ्यांची बाग: झोअँथस, मश्रूम, एक लेदर. दगडासारखी कडक पोवळी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, त्यामुळे ती आमच्याकडे नाहीत. हे मला ओंकारने निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, जणू मी सकाळी उठून पोवळी आणायलाच जाणार होते.

मी शाळेत क्लार्क आहे. सकाळची शाळा, दोनला घरी. त्यामुळे 'आई, तुला वेळ असतो' हे त्याने गृहीत धरलं.

सासऱ्यांना या टाकीचं पहिल्यापासून हसू. चौपाटी घरापासून पाच मिनिटांवर. 'समोर अख्खा समुद्र पसरलाय आणि ही बाई मीठ विकत आणून पाण्यात कालवते!' त्यांना किती वेळा सांगितलं की आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात सांडपाणी, ते टाकीत घातलं तर मासे संध्याकाळ बघणार नाहीत. पटत नाही. मीठही साधं नाही, समुद्री टाकीसाठीचं वेगळं येतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला सातशे ग्रॅम. नळाचं पाणी पहाटे येतं तेव्हा भरून ठेवायचं, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ आणि डीआयच्या नळकांड्यांतून गाळायचं, मीठ घालून रात्रभर हवेचा पंप सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की वापरायचं. पहिल्या महिन्यात हे सगळं ओंकारच्या वहीत बघून करत होते. आता कुकरच्या शिट्ट्यांसारखं हाताला आलंय.

तर जानेवारीत एका हौशी माणसाकडून मी झोअँथसचा एक तुकडा आणला. हिरव्या पाकळ्या, मधोमध केशरी ठिपका. ओंकारला सरप्राइज म्हणून फोटो पाठवला. त्याचा पहिला प्रश्न, 'डिप केलास ना?' मी म्हटलं, 'हो, धुतला.' धुतला म्हणजे टाकीच्याच पाण्यात खळबळून आत ठेवला. खोटं बोलले असं नाही, पण डिप म्हणजे नवीन पोवळं आधी औषधी पाण्यात बुडवून किडे झाडणं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. पुढचे सात महिने त्या एका वाक्याचे.

फेब्रुवारीच्या शेवटी वाळूवर तपकिरी डाग दिसायला लागले. पानवाल्याच्या फडक्यावर काताचा चुरा सांडलेला असतो ना, तसे. मला वाटलं शेवाळ. नव्या टाकीत डायटमचा तपकिरी थर येतो, हे वहीत होतं. वाळू ढवळली की डाग जायचे, दुसऱ्या दिवशी परत. मग एका दुपारी शाळेतून आल्यावर पुढच्या काचेपाशी पाण्याची बाटली घेऊन बसले होते. एक डाग सरकला. पाणी हलल्याने नव्हे, स्वतःहून, काचेवरून सरळ रेषेत, पाय नसलेल्या गोगलगाईसारखा.

सुईत दोरा ओवायचं माझं भिंग आणलं. तीन-चार मिलिमीटरचा, कागदासारखा चपटा, गंजाच्या रंगाचा जीव. पुढची बाजू गोलसर, मागे तीन टोकं, मधलं जरा बारीक. अंगावर लाल ठिपके. भिंग बाजूला केलं आणि मग दिसलं, की वाळूवरचा तो सगळा चुरा जिवंत आहे.

ओंकारला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन. 'आई, रेड प्लॅनेरिया. फ्लॅटवर्म.' मग थांबून, 'तू डिप नाही केलास.'

'नाही केला.'

'बरं.'

हे 'बरं' त्याने अगदी त्याच्या बाबांसारखं म्हटलं.

नंतरच्या काही दिवसांत त्याने मला या प्राण्याबद्दल बरंच शिकवलं, अर्थात फोनवर, मेसच्या रांगेत उभा राहून. शाळेच्या पुस्तकात आपण चपटे कृमी शिकतो, प्लॅनेरिया, लिव्हर फ्ल्यूक, पट्टकृमी. हौशी लोक याला प्लॅनेरिया म्हणत असले तरी हा त्यांतला नाही. पूर्वी यांची गणती चपट्या कृमींत व्हायची, पण जनुकं तपासल्यावर शास्त्रज्ञांनी यांचं कूळ वेगळं काढलं. याला आतडंच नाही. तोंड पोटाच्या बाजूला, आणि गिळलेलं पचतं ते सरळ शरीराच्या आतल्या मऊ भागात. शिवाय अंगात शैवाल पाळलेलं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्याचा वाटा याला मिळतो. म्हणजे दिवा माझा, बिल माझं, आणि जेवण याचं. मी म्हटलं, 'कूळ काही का असेना, लग्न जमवायचंय का? मला ते घरातून जायला हवेत.'

पण एक गोष्ट मी स्वतः भिंगातून बघितली आणि ती विसरता येत नाही. यांच्यात नर-मादी जमायची वाट बघावी लागत नाही. मागच्या बाजूला कोंब फुटतो, आणि तो कोंब उलटा असतो, त्याचं तोंड आईच्या विरुद्ध दिशेला. दोघं काही काळ पाठीला पाठ लावून असतात. पिल्लू आपल्या दिशेने ओढत राहतं आणि तुटून निघतं. तुकडा झाला तरी त्यातून पुन्हा अख्खा जीव वाढतो. वाळू ढवळून डाग घालवणारी मी, म्हणजे त्यांची सुईणच झाले होते.

पोवळं हे थेट खात नाहीत. ते खाणारे चपटे कृमी वेगळे. पण पोवळ्यावर पथारी पसरून बसले की खालच्याला उजेड मिळत नाही. माझ्या लेदरने आठवडाभर अंग मिटून घेतलं होतं, त्याच्या अंगावर हे शंभरेक बसलेले. शिवाय टाकीतले कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या लांबच्या नात्यातले अगदी बारीक जीव, हे फस्त करतात.

क्रॉफर्ड मार्केटात चौकशी केली. एका दुकानदाराने लगेच सांगितलं, 'ताई, सिक्सलाइन रॅस टाका, सगळं खाऊन टाकेल.' ओंकार म्हणाला, नको. तो मासा भांडखोर, एवढ्या टाकीत फायरफिशला जगू देणार नाही. आणि रेड प्लॅनेरियाची चव प्रत्येक रॅसला आवडते असंही नाही. काही टाकीत खातो, काहीत बघतसुद्धा नाही. एक निळी मखमली समुद्री गोगलगाय असते, ती फक्त हेच किडे खाते. ऐकायला उत्तम. पण किडे संपले की ती उपाशी मरते. जिला जेवायला बोलावून मग उपाशी मारायचं, असली पाहुणी मला नको होती. तशीही इथे कुठे मिळाली नाही.

उरलं औषध. मागवलं, छोटी बाटली, थेंबांनी मोजायची. आणि इथे मी घाई केली.

ओंकारने बजावलं होतं की आधी नळीने जितके निघतील तितके काढ, मग औषध. कारण हे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. थोडे असतील तर टाकी पचवते, हजारो एकदम मेले तर मासे जातात. मला ते ऐकू आलं, पण पटलं नाही. एवढ्याशा किड्यात विष ते किती असणार! शिवाय मार्चअखेर, शाळेत हिशेबाची कामं, रोज नळी धरून बसायला वेळ कुठला? एका रविवारी वीस मिनिटं नळी फिरवली, शे-दोनशे काढले, आणि औषध टाकलं.

दुसरी चूक हिशेबाची. क्लार्क असून. टाकी ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ ६५ लिटर, त्या मापाने थेंब मोजले. पण दगड आणि वाळू किती जागा खातात, वरून काच किती रिकामी, याचा विचार केला नाही. टाकी भरताना बादल्या मोजून ओंकारने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, खरं पाणी ४६ लिटर.

दहा मिनिटांत ते गळायला लागले. आधी आखडायचे, मग काच सोडायचे. वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या, झोतात सगळीकडे तांबडा भुगा उडत होता, जसा चहा उकळताना पावडर वर-खाली होते. मला आनंद झाला, खरं सांगते. मी यांना, ओंकारच्या बाबांना, हाक मारून दाखवलं. मग पाण्याचा रंग बदलला. फिक्कट, तांबूस. क्लाऊनफिश वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडं ठेवून तरंगायला लागले. कोळंबी दगडावरून खाली पडली आणि उलटी झाली.

तयार खारं पाणी होतं फक्त पाच लिटर. कार्बन, म्हणजे पाण्यातलं विष शोषून घेणारा कोळसा, होता, पण अजून पुड्यात, न धुतलेला. यांनी बादलीत मीठ ओतलं, मी हाताने ढवळत होते, शेजारच्या माईंनी गॅलरीतून विचारलं, 'काय गं, कढी ऊतू गेली का?' ताजं कालवलेलं पाणी लगेच घालू नये हे माहीत असूनही घातलं, दुसरा इलाज नव्हता. कार्बन नळाखाली धुतला, काळं पाणी मोरीभर, आणि जुन्या मोज्यात भरून फिल्टरच्या तोंडाशी टाकला. संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लाऊनफिश सावरले. कोळंबी गेली. फायरफिश दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तो दगडामागे सापडला, अंगावरचा लाल रंग पार उतरलेला.

ओंकारला सांगायला मला दोन दिवस लागले. तो रागावला नाही. 'किती पाणी धरलंस?' एवढंच विचारलं, आणि मी आकडा सांगितल्यावर काही वेळ बोलला नाही.

आठवडाभरात काताचा चुरा पुन्हा दिसायला लागला. सगळे मेले नव्हतेच.

यानंतर मी जे केलं त्यात काही विशेष नाही. तांदूळ निवडतात तसं केलं. औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला, त्याच्या नळीला छोटं चाक असतं, ते फिरवलं की धार कमी-जास्त होते. एक्वेरियमच्या जाड नळीने तीन मिनिटांत दहा लिटर पाणी जातं आणि किडे तिथेच. या बारीक नळीने पाणी थेंबाथेंबाने येतं आणि किडा मात्र ओढला जातो. नळी लवचीक, हवी तिथे टेकत नाही. म्हणून खराट्याचा हीर स्वच्छ धुऊन तिला दोऱ्याने बांधला. खाली पातेलं, पातेल्यावर पिठाची चाळण, चाळणीवर जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा. गाळलेलं पाणी परत टाकीत, ओढणीवरचे किडे नळाच्या गोड्या पाण्यात. गोड्या पाण्यात ते लगेच मरतात. चौपाटी जवळ असली तरी यांतला एकही तिकडे जाऊ द्यायचा नाही, हा नियम मी स्वतःच केला. हे जिथले आहेत तिथे राहोत, आपल्या समुद्राला आधीच पुरेशी दुखणी आहेत.

यांना उजेड लागतो आणि वाहतं पाणी सोसत नाही. हे कळल्यावर अर्धं काम सोपं झालं. दिवा दुपारी एकला लागायचा. तीनच्या सुमारास सगळे पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात जमायचे, जिथे वेव्हमेकरचा झोत पोचत नाही. मी दोनला यायची, जेवून तीनला स्टुलावर बसायची. चाक अगदी थोडं उघडायचं, नळीचं तोंड किड्याच्या मागच्या बाजूला न्यायचं, तोंडाकडून गेलं की तो काचेला घट्ट धरतो. मागून घेतला की अलगद सुटतो. जोराने ओढलात तर फाटतो, आणि फाटलेला अर्धा पुन्हा वाढतो. घाई करणाऱ्याला इथे शिक्षा लगेच मिळते.

रोजचा आकडा कालनिर्णयवर लिहायची, दुधाच्या खाड्याच्या शेजारी. पहिल्या दिवशी २१०. मग १८०, १९५, १६०. यांनी एकदा महिन्याचं दूध हिशेबाला घेतलं आणि म्हणाले, 'सतरा तारखेला एकशे चाळीस लिटर?'

खाऊ घालण्याचंही माझंच चुकत होतं. मासा काचेपाशी येऊन तोंड वासतो, तो भुकेला वाटतो, आणि पाहुण्याला आग्रह केल्यासारखा मी आणखी चिमूटभर घालायची. उरलेलं सडतं, त्यावर बारीक जीव पोसतात, बारीक जीवांवर हे. दिवसातून एकदा, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच, असं केलं. पहिले चार दिवस क्लाऊनफिश माझ्याकडे असे बघायचे की सासूबाईंची आठवण यावी. उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून आणखी एक छोटा वेव्हमेकर लावला. किडे तिथून हलले आणि डाव्या दगडाच्या सावलीत गेले. मीही स्टूल डावीकडे सरकवलं.

एप्रिल संपता संपता आकडा तिसाच्या खाली आला. औषधाची दुसरी खेप मग लगेच घ्यायची, पण मे महिना. टाकीचं पाणी दुपारी तिसाच्या वर जायचं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाण्यावर पंखा लावला तरी मुंबईच्या दमट हवेत तो एखाद्या अंशापेक्षा जास्त काही काढत नाही, उलट पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो, म्हणून रोज गोडं पाणी भरायचं. अशा उन्हाळ्यात आधीच धापा टाकणाऱ्या माशांना औषध देणं मला बरं वाटेना. ओंकार म्हणाला, 'थांब.' थांबले. नळी चालूच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, टाकी २७ अंशांवर आली. एका शनिवारी शाळेतून रजा काढली. आदल्या दिवशीच वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या खारं पाणी तयार, हवेचे पंप लावून. दोन क्लाऊनफिश एका छोट्या बादलीत, झाकण घालून, बॅटरीवरच्या पंपासह. धुतलेल्या कार्बनच्या पिशव्या ताटात मांडून ठेवलेल्या. फिल्टरमधला जुना कार्बन काढला, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. थेंब मोजले, या वेळी ४६ लिटरच्या हिशेबाने. हे हातात घड्याळ घेऊन उभे, दर पाच मिनिटांनी वेळ सांगत, नवरदेवाच्या गुरुजींसारखे.

सहाव्या मिनिटाला पहिला गळला. मी नळी तयारच ठेवली होती, पडेल तसा उचलायची. पुष्कळ वेळ लागला नाही, कारण पुष्कळ नव्हतेच. पाऊण तासात मी ४१ उचलले, त्यातले बरेच मला आधी कधी दिसलेलेही नव्हते, दगडाच्या पोटातून बाहेर पडले. पाणी स्वच्छच राहिलं. मग एक बादली पाणी बदललं, कार्बन घातला, संध्याकाळी दुसरी बादली. क्लाऊनफिश परत टाकीत गेले आणि सोडल्या सोडल्या खायला मागायला लागले. एक चिमूट दिली. एकच.

आठ दिवसांनी तेच सगळं परत. तीन किडे. आणखी दहा दिवसांनी परत, एकही नाही. तरी मी जुलैभर तीनला स्टुलावर बसायची. सवय झाली होती. कालनिर्णयवर नुसते शून्य. लेदरने अंग उघडलं, हाताच्या पंजासारखी बोटं पसरली, आणि कोपेपॉड पुन्हा काचेवर दिसायला लागले, पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे, उड्या मारणारे. सासरे एका दुपारी माझं भिंग घेऊन बराच वेळ ते बघत बसले. म्हणाले, 'हे विकत आणलेत का?' नाही म्हटल्यावर जरा समाधान झाल्यासारखं वाटलं.

गणपतीला ओंकार आला. हातात मोदकाचा साचा, पाठीवर सॅक, आणि सॅकच्या बाहेरच्या खणात हवा भरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. कॉलेजमधल्या कोणाकडून आणलेला जांभळा मश्रूम. बूट न काढता तो सरळ टाकीकडे निघाला.

'थांब,' मी म्हटलं.

ओट्याखालून लोणच्याची मोठी काचेची बरणी काढली. आता ती लोणच्याची नाही. त्यात खारं पाणी, छोटा पंप. नवीन जे येईल ते आधी आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं, मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत खळबळून बघायचं, स्टीलच्या ताटलीत हे दिसत नाहीत, आणि मग महिनाभर बरणीत.

'आई, मी पुण्यातच डिप केलाय.'

'धुतलास, की डिप केलास?'

तो हसला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी मश्रूम आयोडीनमध्ये टाकला, दहा मिनिटांनी बशीत घेऊन हलवला, आणि भिंग डोळ्याला लावलं. बशीच्या कडेला एक ठिपका होता, गंजाच्या रंगाचा. ओंकार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. आम्ही दोघंही तो हलतो का, हे बघत थांबलो.